गरम पाण्याची चाकरी : जोबानच्या खाणकामगारांची कहाणी

जपानात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या दोन-चार महिन्यांत हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "काय, ओन्सेनला जाऊन आलात की नाही?" सुरुवातीला संकोच असतो. चारचौघांत विवस्त्र होऊन आंघोळ करायची ही कल्पनाच आपल्याला पचनी पडत नाही. पण एकदा का थंडीच्या दिवसांत, बाहेर बर्फ पडत असताना त्या वाफाळत्या पाण्यात मानेपर्यंत बुडून बसले, की मग चटक लागते आणि पुढच्या वेळी आपणच नव्या मंडळींना आग्रह करू लागतो.

खरे तर गरम पाण्याच्या झऱ्यांचे आपल्याला अप्रूप वाटायचे कारण नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे, पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातले उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे अशी किती नावे सांगावीत! गावांच्या नावातच 'ऊन' पाणी आहे. पण आपल्याकडे कुंड म्हणजे देवस्थानाचा भाग. आंघोळ करायची, देवाचे दर्शन घ्यायचे, सांधेदुखीला उतार पडावा म्हणून नवस बोलायचा आणि परत यायचे. जपानी माणसाने त्याच ऊन पाण्यावर एक अख्खा उद्योग उभा केला.

या उद्योगाचे आपण पाहुणे असतो. आपल्या हाती घडी घातलेला युकाता येतो, जेवणाचे ताट खोलीत येते, आपण फिरून येईपर्यंत गाद्या घातलेल्या असतात. हे सारे करणारी माणसे कोण, ती या कामात कशी आली आणि त्यांना हे काम कसे वाटत असेल, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. या लेखात तोच विचार करायचा आहे. त्यासाठी तोक्योपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, फुकुशिमा प्रांतातल्या इवाकी शहरात घडलेली एक खरी हकिगत सांगतो. एका कोळशाच्या कंपनीने आपल्या खाणकामगारांना आणि त्यांच्या लेकीबाळींना गरम पाण्याच्या धंद्यात कसे आणले, त्याची ही हकिगत.

पाठ चोळणारे हात

मूळ कथेकडे वळण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी. स्नानगृहातल्या नोकरीला जपानात जुना इतिहास आहे आणि तो सगळाच गौरवाचा नाही. एदो काळाच्या सुरुवातीला सार्वजनिक स्नानगृहांत 'युना' नावाच्या स्त्रिया असत. गिऱ्हाइकांची पाठ चोळणे, केस धुणे हे त्यांचे काम. पण संध्याकाळ झाली की गाणे-बजावणे आणि पुढे देहविक्रयही चाले. मेइरेकीच्या आगीत एदो शहराची राखरांगोळी झाली ते साल १६५७. त्याच वर्षी शोगुनच्या सरकारने युना ठेवणारी स्नानगृहे बंद केली. बंदी आली, पण गरम पाण्यापाशी काम करणाऱ्या बाईकडे वाकड्या नजरेने पाहायची सवय काही लगेच गेली नाही.

पाठ चोळण्याचे काम मग पुरुषांकडे आले. त्यांना 'सान्सुके' म्हणत. लाकडे आणणे, बंब पेटता ठेवणे, पाण्याची ऊब बरोबर राखणे आणि वर गिऱ्हाइकाची पाठ चोळून खांदे दाबून देणे, अशी त्यांची कामे. तोक्योच्या सेंतोंचे मालक आणि नोकर बरेचसे इशिकावा, तोयामा, निइगाता या जपानच्या समुद्राकडच्या बर्फाळ प्रांतांतून आलेले. एक जण आला की तो गावातल्या दुसऱ्याला बोलावून घ्यायचा. रत्नागिरीच्या चाकरमान्याने मुंबईच्या गिरणीत आपल्या भावकीतल्या पोरांना चिकटवावे, तसाच प्रकार. १९६८ साली तोक्योत २,६०० हून अधिक सेंतो होते. घरोघरी न्हाणीघरे आली तशी ही संख्या घटत गेली आणि आता ती पाचशेच्याही खाली आहे. निप्पोरीच्या एका सेंतोत काम करणारे तोक्योचे शेवटचे सान्सुके २०१३ च्या अखेरीस निवृत्त झाले.

ओन्सेनच्या गावांत, म्हणजे 'र्‍योकान' नावाच्या पारंपरिक निवासांत, चित्र थोडे वेगळे. तिथे मालकीणबाई म्हणजे 'ओकामी' आणि तिच्या हाताखाली खोल्या सांभाळणाऱ्या 'नाकाई'. नाकाईचे काम दोन तुकड्यांत विभागलेले. सकाळी न्याहारी, आवराआवर, पाहुण्यांना निरोप. मग दुपारी काही तास मोकळे. पुन्हा तिन्हीसांजेपासून रात्री उशिरापर्यंत स्वागत, जेवण, गाद्या घालणे. मधल्या मोकळ्या वेळात घरी जाऊन येण्याइतकी सवड नसते, म्हणून बऱ्याच जणी तिथेच राहून नोकरी करत. नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरी मूल असलेली, घर नसलेली बाई ओन्सेनच्या गावी गेली की निदान डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचे जेवण मिळायचे. ही नोकरी म्हणजे अनेकींचा आसरा होता, आणि आसरा असल्यामुळेच ती सोडणे अवघड होते.

कोळसा एक टन, पाणी चाळीस टन

आता इवाकीकडे वळू. या भागाला जोबान म्हणतात. इथले युमोतो हे जपानच्या अतिशय जुन्या ओन्सेन गावांपैकी एक. शेकडो वर्षे इथल्या झऱ्यांवर वाटसरू थांबत आले. १८५० च्या दशकात याच डोंगरांत कातायोसे हेइझो नावाच्या व्यापाऱ्याला कोळसा सापडला आणि गावाचे नशीब बदलले. जोबानचा कोळसा क्यूशू किंवा होक्काइदोच्या कोळशाइतका उत्तम नव्हता, पण तो तोक्योच्या सर्वांत जवळ होता. १८९७ साली रेल्वे इथवर पोचली. आपण उएनोहून आजही जिने जातो तीच ही जोबान मार्गिका. राजधानीच्या कारखान्यांना कोळसा पुरवणे हे इथल्या माणसांचे काम झाले.

पण या खाणींना एक शाप होता, आणि तो म्हणजे गरम पाणी. जमिनीखाली जितके खोल जावे तितके ते उसळून येई. एक टन कोळसा काढायचा तर सुमारे चाळीस टन गरम पाणी उपसावे लागे, असे तिथे सांगतात. पाण्याचे तापमान साठ अंशांच्या आसपास. अशा उष्म्यात कामगार जवळजवळ लंगोटीवर काम करत, थोडा वेळ खणून अंग निववायला मागे येत आणि पुन्हा आत जात. उपसलेले पाणी नदीत सोडून दिले जाई. खाणीने जमिनीखालचे पाणी असे ओढून घेतल्यामुळे युमोतो गावातले मूळचे झरे तैशो काळात आटले. वर आंघोळीला पाणी नाही आणि खाली तेच पाणी माणसांच्या जिवावर उठलेले, अशी विचित्र अवस्था.

खाणीतला पुरुष भूगर्भात आणि त्याची बायको वर कोळसा निवडायला. कंपनीच्या चाळी, कंपनीचे दवाखाने, कंपनीची दुकाने. 'इचिझान इक्का' म्हणजे 'सारी खाण एक कुटुंब' हे तिथले ब्रीद होते. खाणीत दरड कोसळली तर शेजारचा माणूसच आपल्याला बाहेर काढणार, ही जाणीव त्या शब्दांमागे होती. गिरणगावातल्या चाळीत ज्यांचे बालपण गेले असेल त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

हजार येनात हवाई

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेलाने कोळशाला मागे टाकायला सुरुवात केली. १९६० साली क्यूशूतल्या मिइके खाणीत कामगारकपातीवरून प्रचंड संप झाला आणि कामगार हरले. १९६२ मध्ये खनिज तेलाची आयात खुली झाली. देशभर खाणी बंद पडू लागल्या. जोबानमध्येही कपात सुरू झाली.

जोबान कंपनीचे उपाध्यक्ष नाकामुरा युताका यांना या वेळी जी कल्पना सुचली ती ऐकून लोकांनी त्यांना वेड्यात काढले. ज्या गरम पाण्याने आजवर छळले, त्याच्यावरच धंदा करायचा! मोठे काचेचे छत उभारायचे, आत गरम पाण्याचे तलाव करायचे, ताडामाडाची झाडे लावायची आणि ईशान्य जपानच्या थंडीत हवाई बेट उभे करायचे.

हवाईच का? त्या वेळचा जपान डोळ्यांपुढे आणावा लागेल. १ एप्रिल १९६४ रोजी सामान्य नागरिकांना पर्यटनासाठी परदेशी जायची मुभा मिळाली, तीही वर्षातून एकदा आणि पाचशे डॉलरच्या मर्यादेत. डॉलरचा भाव ३६० येन. हवाईच्या पहिल्या सहलींचे भाडे साडेतीन लाख येनांच्या वर आणि नव्या पदवीधराचा महिन्याचा पगार वीस हजारांच्या आसपास. म्हणजे हवाई हे स्वप्नच. ते स्वप्न गाडीने काही तासांवर आणून ठेवले तर? 'हजार येन घ्या आणि हवाईला चला' अशीच पुढे त्यांची जाहिरात झाली.

सप्टेंबर १९६४ मध्ये 'जोबान युमोतो ओन्सेन कान्को' म्हणजे ओन्सेन पर्यटनाची स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. कोळशाच्या कंपनीच्या पोटी गरम पाण्याची कंपनी जन्माला आली. १५ जानेवारी १९६६ रोजी, त्या काळी याच दिवशी येणाऱ्या सज्ञानदिनाच्या सुट्टीला, 'जोबान हवाईयन सेंटर' सुरू झाले.

खाणकामगारांचा विरोध होणे साहजिक होते. कोळशाने युद्धानंतरचा देश उभा केला, तो आपण काढला, हा त्यांचा अभिमान. काळ्या हातांचा माणूस आता पाहुण्यांपुढे कमरेत वाकून 'इराश्शाइमासे' म्हणणार? त्यातून कंपनीची स्थिती नाजूक असताना हा पैशांचा चुराडा कशाला, असाही प्रश्न होता. नाकामुरांनी मात्र एक गोष्ट ठरवली होती. शक्य तिथे माणसे बाहेरून आणायची नाहीत. स्वयंपाकघरापासून स्वागतकक्षापर्यंत आणि बागेपासून पाण्याच्या नळांपर्यंत खाणीच्याच कुटुंबांतली माणसे शिकवून घ्यायची. रंगमंचावर नाचायलासुद्धा!

पायात चाळ कोणी बांधायचे?

खरी ठिणगी पडली ती इथे. एप्रिल १९६५ मध्ये कंपनीने 'जोबान संगीत-नृत्य विद्यालय' काढले. पहिल्या तुकडीत अठरा मुली होत्या, बहुतेक खाणीच्या घरांतल्या. शिकवायला तोक्योहून हायाकावाबाई आल्या. त्या स्वतः हवाईला जाऊन हुला शिकून आलेल्या. मुलींपैकी कित्येकींनी रंगमंच जवळून पाहिलेलाही नव्हता. हुला, ताहिती नृत्य आणि इतर प्रकार काही महिन्यांत त्यांना शिकून घ्यायचे होते.

गावात काय बोलले गेले असेल याची कल्पना आपण करू शकतो. बेंबी आणि मांड्या दाखवत परक्या पुरुषांपुढे आमच्या मुलींनी नाचायचे? खाण बुडाली म्हणून आता पायात चाळ बांधायचे? युनांची जुनी आठवण असलेल्या समाजात गरम पाणी, नाच आणि तरुण मुलगी या तीन गोष्टी एकत्र आल्यावर आईबापांची झोप उडाली तर त्यांना दोष देता येत नाही. आपल्याकडे तमाशाच्या फडात उभ्या राहिलेल्या मुलींच्या वाट्याला काय आले ते आपण जाणतोच.

मला या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा इथे दिसतो. कंपनी वाचवण्याचा निर्णय घेतला कचेरीतल्या पुरुषांनी. विरोध आणि वाटाघाटी केल्या त्याही पुरुषांनीच. पण त्या निर्णयाचा भार जाऊन पडला तो अठरा-वीस वर्षांच्या मुलींच्या खांद्यावर, ज्यांना कोणी फारसे विचारले नव्हते. वडील खाणीत होते म्हणून मुलीला हे काम मिळाले. आणि काम मिळाल्यावर वडिलांच्या खाणीतल्या सगळ्यांचे पोट तिच्या हसऱ्या चेहऱ्यावर अवलंबून राहिले. उद्घाटनापूर्वी या मुलींना गावोगावी नेऊन नाचाचे कार्यक्रम करण्यात आले. म्हणजे केंद्राची जाहिरातही त्यांनीच केली.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. खाणीच्या गावात जन्मलेल्या मुलीपुढे तोवर कोणत्या वाटा होत्या? कोळसा निवडणे, एखाद्या कारखान्यात लागणे, खाणकामगाराशी लग्न करणे. इथे तिला शिक्षण मिळाले, पगार मिळाला, स्वतःचे नाव मिळाले. पहिल्या वर्षात बारा लाखांहून अधिक पाहुणे आले, ते काचेच्या छतासाठी आले तसेच या मुलींसाठीही आले. कमरेत वाकणे म्हणजे मान खाली घालणे नव्हे, हे बापांच्या आधी मुलींना कळले असावे.

२००६ साली ली सांग-इल यांनी या कथेवर 'हुला गर्ल्स' नावाचा चित्रपट काढला आणि त्याला जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. त्यातले शिक्षिकेचे पात्र हायाकावाबाईंवरून बेतलेले आहे. मात्र पटकथेने बरेच स्वातंत्र्य घेतले आहे, हे लक्षात ठेवून तो पाहावा. संगीत हवाईच्या जेक शिमाबुकुरो यांचे आहे. ते मूळच्या जपानी वंशाचे. मुलांबरोबर बसून पाहण्यासारखा चित्रपट आहे.

तेच पाणी, वेगळे काम

रोजचे काम कसे असे? बाहेर उणे तापमान असले तरी आत सदैव उन्हाळा. दमट, उबदार हवेत दिवसभर वावरायचे. रंगमंचावर सहज वाटणाऱ्या हालचालींमागे तासन्‌तास सराव. दुपारचा खेळ, रात्रीचा खेळ, आणि सुट्टीच्या दिवशी जेव्हा सारा देश मजा करतो तेव्हा यांच्या कामाची गर्दी. जमिनीखालच्या माणसाला पहारा आणि पाळी ठाऊक होती. पण पाहुण्यांच्या तक्रारी हसतमुखाने ऐकून घेणे हे नवेच काम होते. खाणीत रागावलेला माणूस ओरडू शकतो, स्वागतकक्षात नाही.

मात्र खाणीने शिकवलेले काही कामी आले. पाण्याचे पंप, नळ, वाफ, तापमान यांचे ज्ञान त्यांच्याइतके कोणाला होते? चाळीस टन पाणी उपसून टाकणारी माणसे आता तेच पाणी जपून वापरू लागली. पाणी तेच होते. खाली ते शत्रू होते, वर आल्यावर अन्नदाता झाले.

सगळ्यांचे भले झाले असे मात्र म्हणता येणार नाही. १९७१ साली मुख्य खाण बंद झाली आणि १९७६ मध्ये जोबानच्या कंपनीचे कोळशाचे काम पूर्णच थांबले. हजारो कामगारांना एक स्नानकेंद्र सामावून घेऊ शकत नव्हते. पुष्कळांना गाव सोडून तोक्योच्या बाजूला कारखान्यांत जावे लागले. जे राहिले तेही चाळिशी-पन्नाशीत नव्याने शिकाऊ झाले. यशोगाथा सांगताना ही माणसे गाळली जातात, म्हणून मुद्दाम नोंद केली.

तरीही इतर खाणगावांशी तुलना केली तर जोबानचे वेगळेपण कळते. होक्काइदोतल्या युबारी शहराने खाणी बंद पडल्यावर पर्यटनाचाच रस्ता धरला, 'कोळशाच्या इतिहासाचे गाव' नावाचे मोठे उद्यान बांधले, हॉटेले घेतली आणि २००७ साली सुमारे ३५३ अब्ज नव्हे, पण ३५.३ अब्ज येनांच्या तुटीसह शहरच दिवाळखोरीत गेले. तेव्हा नुसते करमणुकीचे केंद्र बांधले की गाव तरते, असे नाही. जोबानजवळ स्वतःचे पाणी होते, तोक्यो जवळ होते, आणि खाण पूर्ण बुडायच्या आधीच पाऊल उचलले गेले होते. जहाज बुडाल्यावर होडी बांधायला घेऊन उपयोग नसतो.

आपले गिरणगाव

हे सारे वाचताना मुंबईची आठवण न होणे अशक्य. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. संप संपल्याचे कोणी जाहीरच केले नाही. तो विरून गेला आणि गिरण्या एकेक करून बंद झाल्या. त्यांच्या जागी काय आले ते सुट्टीत घरी गेल्यावर आपण पाहतोच. लोअर परळच्या फिनिक्स मिलची चिमणी अजून उभी आहे, तिच्या पायथ्याशी झगमगती दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. परळ-वरळीच्या नव्या मनोऱ्यांत मालिश आणि बाष्पस्नानाची ऐटबाज दालनेही आली आहेत. तिथेही युनिफॉर्म घातलेली तरुण मुले-मुली पाहुण्यांना वाकून नमस्कार करतात. पण ती बहुतेक वेळा त्या गिरणीतल्या साच्यावर उभ्या राहिलेल्या कामगाराची नातवंडे नसतात. गिरणी कामगारांच्या वाट्याला आली ती घरांसाठीची लांबलचक प्रतीक्षा. म्हाडाची त्यांच्यासाठीची पहिली मोठी सोडत निघाली २०१२ साली, संपानंतर तीस वर्षांनी.

जोबानमध्ये सगळे गोड झाले आणि मुंबईत सगळे कडू, इतका सोपा निष्कर्ष मी काढणार नाही. मुंबईची जमीन सोन्याच्या भावाची होती आणि जोबानचे गरम पाणी तिथल्या माणसांखेरीज कोणाला नको होते; फरकाचे एक कारण हेही आहे. पण एक साधा प्रश्न दोन्हीकडे लागू पडतो. जुना धंदा जाऊन नवा येतो तेव्हा नव्या धंद्याच्या दारात उभे राहण्याचा पहिला हक्क कोणाचा? नाकामुरांनी त्याचे उत्तर दिले, अपुरे का होईना, पण दिले. आपल्याकडे तो प्रश्न नीट विचारलाच गेला नाही.

पुन्हा एकदा गावोगाव

१९९० साली केंद्राचे नाव बदलून 'स्पा रिसॉर्ट हवाईयन्स' झाले. आणि मग आला ११ मार्च २०११. आपल्यापैकी जे त्या दिवशी जपानात होते त्यांना वेगळे सांगायला नको. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रापासून हे ठिकाण सुमारे पन्नास किलोमीटरवर. मार्चच्या भूकंपातून ते सावरते न सावरते तोच ११ एप्रिलच्या धक्क्याने इमारतींचे आणखी मोठे नुकसान केले. केंद्र बंद. त्यातच इवाकीचे नाव काढले तरी लोक दूर सरत होते.

तेव्हा मे २०११ मध्ये नर्तकी पुन्हा बाहेर पडल्या. १९६५ साली उद्घाटनापूर्वी पहिल्या मुली जशा गावोगाव फिरल्या होत्या, तशाच सेहेचाळीस वर्षांनी या फिरल्या. आधी आपल्याच भागातल्या निर्वासितांच्या छावण्यांत आणि मग देशभर. त्यांच्यापैकी एकीचे घर अणुवीज केंद्राजवळच्या फुताबा गावात होते. तिला स्वतःच्या घरी परतता येत नव्हते आणि ती हसून नाचत होती. केंद्राची खोल्यांची इमारत काही काळ विस्थापितांचा निवारा झाली. शेजारच्या युमोतो गावातल्या र्‍योकानांत अणुवीज केंद्राच्या दुरुस्तीवर जाणारे कामगार उतरू लागले. दिवसभर संरक्षक पोशाखात घामाघूम झालेल्या त्या माणसांना रात्री त्याच जुन्या पाण्याने आराम दिला. खाणकामगारांच्या घामाचे गाव, पुन्हा एकदा घाम गाळणाऱ्यांची सेवा करत होते. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राचा काही भाग आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्व केंद्र पुन्हा सुरू झाले.

काळ थांबत नाही. करोनाच्या साथीने पर्यटनाचे कंबरडे मोडले आणि २०२४ साली अमेरिकेच्या 'फोर्ट्रेस' या गुंतवणूकदार कंपनीने जोबानची मालक कंपनी विकत घेतली. 'सारी खाण एक कुटुंब' म्हणणाऱ्या गावाच्या कंपनीचा मालक आता सातासमुद्रापलीकडचा आहे. ब्रीद टिकते का, हे काळच ठरवील.

इकडे ओन्सेनच्या धंद्याला माणसे मिळेनाशी झाली आहेत. एप्रिल २०१९ पासून जपानने विशेष कौशल्याच्या नव्या व्हिसावर परदेशी कामगारांना निवासगृहांत काम करायची परवानगी दिली आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या योजनेसाठी भारताशीही करार झाला. एखाद्या डोंगरातल्या र्‍योकानमध्ये आपली बॅग उचलायला नेपाळी तरुण पुढे येतो तेव्हा आपण हिंदीत दोन शब्द बोलतो आणि त्याचा चेहरा खुलतो, हा अनुभव आपल्यातल्या अनेकांना असेल. निइगाताचा सान्सुके, जोबानची नर्तकी आणि हा नेपाळी मुलगा एकाच रांगेतले आहेत. गावचे काम संपले म्हणून गरम पाण्यापाशी आलेली ही माणसे.

पुढच्या सुट्टीत इवाकीला जायचा बेत जरूर करा. उएनोहून 'हिताची' एक्स्प्रेसने युमोतोला दोन तासांच्या आसपास लागतात. मुलांना तलाव आवडतील. शिवाय युमोतो स्थानकाजवळ १९८४ साली उघडलेले कोळसा व जीवाश्म संग्रहालय आहे. तिथे इवाकीत सापडलेल्या फुताबा सुझुकी सरीसृपाचा सांगाडाही पाहता येतो. मुले त्याच्यापाशी रमतील; आपण मात्र खाणीच्या देखाव्यात थोडा वेळ थांबावे, उघड्या अंगाने कोळसा खणणाऱ्या माणसांकडे पाहावे आणि मगच पाण्यात उतरावे. संध्याकाळचा नाच संपला की टाळ्या जरा जास्त वाजवाव्यात.